हेमाडपंतांना आता मोकळे करा

मराठीत काही शब्द असे आहेत की ते एकदा उच्चारले की पुढे विचार करायची गरजच उरत नाही. 'हेमाडपंती' हा त्यातला पहिल्या नंबरचा. काळा दगड दिसला, खांब दिसले, चुना दिसला नाही, की आपण म्हणून मोकळे होतो. हेमाडपंती! सांगणाऱ्याला समाधान, ऐकणाऱ्यालाही समाधान. दोघांनाही काही कळलेले नसते ते वेगळेच.

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढ्याचेच घ्या. नागनाथाच्या देवळाच्या आवारात दहा माणसांना विचारा, हे कोणी बांधले? निम्मे सांगतील, पांडवांनी. युधिष्ठिराने वनवासात असताना. उरलेले, म्हणजे थोडे शिकलेले, पहिल्यांकडे जरा दयेने बघून सांगतील, "छे, हेमाडपंती आहे ते." या दुसऱ्या उत्तराशी माझे भांडण आहे. पहिल्याशी नाही. पांडवांची गोष्ट ही गोष्ट म्हणूनच येते, ती ऐकताना लहान मुलालाही ते माहीत असते. दुसरे उत्तर इतिहासाचा कोट घालून येते, त्यामुळे त्याची झडती कोणी घेत नाही. ती आज घ्यायची आहे.

आधी हेमाडपंतांविषयी, कारण त्या बिचाऱ्या माणसाचा यात काही दोष नाही. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. महादेव यादव इ.स. १२६१ ला गादीवर आला, त्याच्या आणि पुढे रामचंद्रदेवाच्या काळात हेमाद्री मोठ्या पदावर होता. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणि' नावाचा प्रचंड ग्रंथ रचला. व्रते, दाने, श्राद्धे, काय नाही त्यात! त्याच ग्रंथात यादवांची वंशावळ सांगणारी राजप्रशस्ती आहे आणि यादवांचा इतिहास लिहिताना आजही तिचा आधार घ्यावा लागतो. म्हणजे माणूस खरोखर थोर. पण लोकांनी त्याच्या पदरात काय काय टाकले पाहा. मोडी लिपी त्याने आणली. बाजरी त्याने आणली. तो लंकेला गेला, तिथल्या राजाला बरे केले आणि राक्षसांकडून रातोरात देवळे बांधून घेतली, अशीही गोष्ट आहे. जो ग्रंथ त्याने खरोखर लिहिला तो सोडून बाकी सगळे आपण त्याच्या नावावर चढवले.

आता साधे गणित. (आम्ही शाळेत भाषा शिकवली तरी गणिताची धास्ती कधी धरली नाही.) महादेव गादीवर आला १२६१ ला. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला १२९६ ला. मध्ये पस्तीस वर्षे. कोकणापासून विदर्भापर्यंत आणि खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत ज्या शेकडो देवळांना आपण हेमाडपंती म्हणतो, ती सगळी या पस्तीस वर्षांत, एका हिशेबनीसाच्या हुकमावरून उभी राहिली? मग पाथरवट किती होते? खाणी किती होत्या? आणि त्या पस्तीस वर्षांआधी लोक काय झाडाखाली पूजा करत होते?

मुळात त्यांतली कितीतरी देवळे हेमाद्रीच्या आधीची आहेत, आणि हे कोणाचे मत नव्हे, दगडावर कोरलेले आहे. अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातला. हेमाद्री पदावर येण्याच्या दोनशे वर्षे आधीचा! दोनशे वर्षे म्हणजे किती, तर आजपासून मागे गेलो तर पेशवाई नुकतीच बुडालेली असते. तरी अंबरनाथ हेमाडपंती. खिद्रापूरचा कोपेश्वर शिलाहारांच्या काळातला, तोही हेमाडपंती. हे म्हणजे पणजोबांच्या लग्नाची पत्रिका पणतूच्या नावाने छापण्यासारखे झाले.

पण मला सगळ्यात जास्त राग येतो तो अंबाजोगाईच्या बाबतीत. ती तर आपल्या मराठवाड्यातलीच. यादव राजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर, त्याची अंबाजोगाईशी नाळ जुळलेली. त्याचा मुलगा राम लढाईत मारला गेला. खोलेश्वराची मुलगी लक्ष्मी, तिने आपल्या या भावाच्या स्मरणार्थ अंबाजोगाईत देऊळ बांधले. शके ११६२, इ.स. १२४०. शिलालेख आहे. आठशे वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका बहिणीने मेलेल्या भावासाठी दगडाचे देऊळ उभे केले, त्यावर तारीख घातली, नाव घातले, आणि आपण त्याला काय म्हणतो? हेमाडपंती! ज्या वर्षी लक्ष्मीने ते बांधले त्या वर्षी महादेव यादव गादीवर यायला अजून एकवीस वर्षे होती. लक्ष्मीने आणखी काय करायला हवे होते, म्हणजे आपण तिचे नाव घेतले असते?

"अहो बाई, पण हेमाडपंती हे शैलीचे नाव आहे, माणसाचे नाही," असे कोणी म्हणेल. म्हणतातच. ठीक आहे, शैलीचे नाव म्हणून तपासू. शैलीच्या नावाने काहीतरी कळले पाहिजे. कोणती शैली? तर म्हणे, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेली. पण ती बांधायची रीत आहे, शैली नव्हे. बिनचुन्याचा दगड हेमाद्रीच्या कितीतरी शतके आधी भारतभर रचला जात होता. दगड असे घडवायचे की एकाची खाच दुसऱ्याच्या कंगोऱ्यात बसेल, आणि वरच्या वजनाने खालचे घट्ट बसतील. छताला मोठी शिळा मिळत नाही, मग चौकोनाच्या चारी कोपऱ्यांवर तिरपे दगड ठेवायचे, त्यावर पुन्हा तिरपे, असे करत करत मधली पोकळी लहान करत न्यायची आणि शेवटी कमळ कोरलेला एक दगड वर बसवायचा. साधे दिसते. एकदा घरी पाटावर ठोकळे घेऊन करून बघा, नातवंडांना घेऊन. चौथ्या थराला तुम्हाला त्या पाथरवटाचे पाय धरावेसे वाटतील.

शैली पाहायची तर सिन्नरचा गोंदेश्वर पाहा. त्याच्या शिखरावर चारी दिशांना खालून वरपर्यंत जाणारे उभे पट्टे आहेत आणि दोन पट्ट्यांच्या मधे लहान लहान शिखरांच्या माळा ओळीने चढत जातात. याला भूमिज म्हणतात. अंबरनाथही भूमिजच. ही पद्धत माळव्याकडे परमारांच्या राज्यात बहरली, उदयपूरचा उदयेश्वर हे तिचे अकराव्या शतकातले ठसठशीत उदाहरण. म्हणजे 'भूमिज' म्हटले की माळवा ते गोदावरी अशी एक वाट डोळ्यापुढे येते. त्या वाटेने चाललेली कारागीर मंडळी, त्यांचे छिन्नी-हातोडे, त्यांची बायकामुले दिसू लागतात. उलट नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळ होट्टलला गेलात तर कल्याणीच्या चालुक्यांची वेगळी तऱ्हा दिसते. 'हेमाडपंती' म्हटले की यातले काही दिसत नाही, सगळ्याला एकच काळा रंग फासला जातो.

आणि हे मी पहिल्यांदा म्हणते आहे असे अजिबात नाही. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या गोऱ्या अधिकाऱ्याचे दख्खनच्या मध्ययुगीन देवळांवरचे मोठे पुस्तक १९३१ साली निघाले. त्याच्या नंतर आपल्याकडच्या संशोधकांनी लेख वाचले, तारखा लावल्या. शं. गो. तुळपुळ्यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ चे. एवढे सगळे छापून झाले, तरी देवळाबाहेरच्या पाटीवर हेमाडपंतीच. पाटी रंगवणाऱ्याने पुस्तक वाचायचे नसते हे मला मान्य आहे. पण पाटी लिहून देणाऱ्याने?

आता औंढ्याला परत येऊ. तिथे बघण्यासारखे काय आहे ते आधी सांगते, कारण दर्शनाच्या रांगेत उभे राहून ते दिसत नाही. रांग आत जाते, सभामंडपाच्या पातळीखाली असलेल्या गाभाऱ्यात अरुंद वाटेने वाकून उतरते. खाली नीट उभे राहता येत नाही इतकी ती जागा बुटकी. पिंडीला हात लावायचा, वर यायचे, प्रसाद घ्यायचा, गाडीत बसायचे. देव भेटला, पण देऊळ पाहायचे राहिलेच.

बाहेर येऊन प्रदक्षिणेच्या वाटेने सावकाश चाला. भिंत सरळ नाही. आत-बाहेर, आत-बाहेर अशी कोन काढत वळते, त्यामुळे सकाळी एक बाजू उजळते तेव्हा दुसरी सावलीत असते आणि प्रत्येक मूर्तीला स्वतःची सावली मिळते. खालच्या थरांत हत्ती आहेत, सैनिक आहेत. वर शिवाची नाना रूपे, विष्णूचे अवतार, देवांगना. पुष्कळांचे नाक-हात तुटलेले. शाळेची सहल घेऊन जायचे तेव्हा मुलांना मी एकच काम द्यायचे. प्रत्येकाने एक मूर्ती निवडायची आणि तिच्या हातात काय आहे ते वहीत काढायचे. दहा मिनिटांत सगळी गप्प! एरवी ज्यांना गप्प बसवताना घसा बसायचा ती मुले.

मग मान वर करा. काळ्या दगडाची कोरीव भिंत एका रेषेवर थांबते आणि तिथून वर विटा-चुन्याचे, गिलावा केलेले पांढरे शिखर सुरू होते. खालचे यादवकाळातले, वरचे पुष्कळ नंतरचे. वरचा भाग मोगलाईत पाडला गेला आणि पुढे अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केला असे परंपरा सांगते. मला औंढ्यात सर्वांत काय आवडत असेल तर ती रेषा. काही तज्ज्ञ नाक मुरडतात, म्हणतात खालच्या भिंतीला वरचे शिखर शोभत नाही. शोभत नसेल. पण ज्यांनी ते बांधले त्यांनी जुन्याची नक्कल केली नाही, आणि जे उभे होते ते पाडलेही नाही. जेवढे पडले होते तेवढेच आपल्या काळच्या पद्धतीने उभे केले. म्हणून आजही सातवीतल्या मुलाला बोट दाखवून सांगता येते, इथपर्यंत एक काळ, इथून पुढे दुसरा. इतिहासाच्या तासाला मला फळ्यावर जे जमत नसे ते ती रेषा न बोलता करते.

नंदीचे म्हणाल तर तो देवळाच्या पाठीमागे आहे, आणि त्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, त्यांना हाकलून मागे पाठवले, तर देऊळच फिरले आणि तोंड त्यांच्याकडे केले. नंदी राहिला पाठीमागे. नामदेवांचे नरसी आमच्याच जिल्ह्यातले. जन्म १२७०, म्हणजे नेमका हेमाद्रीच्या कारकिर्दीतला. त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले तेही इथेच, असे मानतात. ही फिरलेल्या देवळाची गोष्ट पंजाबपर्यंत गेली. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत, त्यांत हा प्रसंग आहे. मला कोणी विचारते, "मग ही गोष्ट तुम्ही खरी मानता का?" मी म्हणते, दगडाचे देऊळ फिरत नाही हे मला कळते. पण कोणाला तरी त्याच्या जातीमुळे देवासमोरून उठवले होते, ही आठवण त्या गोष्टीने सातशे वर्षे सांभाळली. हेमाडपंती या शब्दाने काय सांभाळले? कोणाचे नाव? कोणाचा घाम?

नागनाथ हे खरे ज्योतिर्लिंग, की द्वारकेजवळचे नागेश्वर, की उत्तराखंडातले जागेश्वर, या वादात मी पडत नाही. ज्याला जिथे नमस्कार करायचा तिथे करावा. एवढेच म्हणते की या वादात आपण जितका वेळ आणि आवाज घालवला त्याच्या शंभराव्या हिश्श्यात भिंतीवरच्या मूर्तींची नीट यादी झाली असती.

आणि गंमत बघा. याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राने तिला २६०० कोटी मंजूर केले. चार चार किलोमीटर लांब दोन नळ्या आणि त्यांत अणूच्या केंद्रकाहून कितीतरी लहान हालचाल मोजायची म्हणे. मोजावी, आमच्या जिल्ह्याचा मान आहे तो. पण त्याच तालुक्यातल्या देवळाची तारीख सांगताना मात्र आपण शतकांचा घोळ घालतो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही.

आता मुद्द्याचे. इतके दिवस जे मनात होते ते आज लिहिते आहे, कारण हे वाचणाऱ्यांत निम्मे माझ्या माहेरचे आहेत.

आपल्या गावच्या महादेवाचे पत्रक सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर आले आहे. 'प्राचीन हेमाडपंती मंदिराचा भव्य जीर्णोद्धार.' खाली चित्र. चित्रात जुने देऊळ कुठेच नाही. आरसीसीचा सभामंडप, ग्रॅनाइटची फरशी, स्टीलचे कठडे, गुलाबी कळस. जुना चार खांबांचा मंडप उतरवायचा, दगड ट्रॅक्टरने ओढ्याच्या काठाला टाकायचे, असे ठरले आहे. कुटुंबाच्या ग्रुपवर आकडे पडू लागले आहेत. पुण्याचे अकरा हजार, नाशिकचे एकवीस, आणि परदेशातल्या एका भाचीने तर सगळ्यांवर कडी केली. माझ्या नावापुढे अजून काही नाही. "आत्या, तुमचा आकडा राहिला," असे दोनदा विचारून झाले. लेकी-सुनांनी कमिटीत बोलायची पद्धत नाही, म्हणून इथे बोलते.

मी पुतण्याला फोनवर विचारले, जुना मंडप का पाडता? त्याचे उत्तर शब्दशः असे, "आत्या, हेमाडपंतीच तर आहे. असली देवळं गावोगावी पडलीत." बघा, शब्दाने काय केले! शेकडो एकसारख्या वस्तूंपैकी एक म्हटले की तिची किंमत राहत नाही. एक गेली तर दुसरी आहेच शेजारच्या गावात. खरे तर शेजारच्या गावात आहे ते वेगळ्या माणसांनी, वेगळ्या कारणाने, कदाचित वेगळ्या शतकात बांधलेले आहे. आपल्या देवळाच्या पायरीजवळ दोन वीरगळ आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेत आहेत, वरच्या चौकटीत तो पिंडीपुढे बसला आहे. म्हणजे आपल्या शिवारात कोणीतरी लढून मेले होते, कदाचित गुरे सोडवताना, कदाचित गावच्या वेशीवर. पत्रकातल्या चित्रात ते वीरगळ नाहीत. त्या जागी चपला ठेवायचा रॅक आहे.

कमिटीची बाजूही मी ऐकली आहे, आणि ती सगळी खोटी नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी ठिबकते हे खरे. एक खांब कलला आहे हेही खरे. सप्ताहाला बायकांना बसायला सावली नसते, हे तर मी स्वतः उन्हात बसून अनुभवले आहे. "देऊळ म्हणजे म्युझियम नव्हे, आत्या, देव जिवंत आहे," हे वाक्यही मला पटते. पण ठिबकणाऱ्या घराला आपण काय करतो? कौले शाकारतो. घर पाडून आईला ओढ्यावर नेऊन बसवत नाही.

"अहिल्याबाईंनी केलाच ना जीर्णोद्धार, मग आम्ही केला तर काय?" हा एक पेटंट प्रश्न आहे. त्याचे उत्तर औंढ्याच्या त्या रेषेत आहे. पडले ते उभारले, उभे ते पाडले नाही. आपण नेमके उलटे करायला निघालो आहोत. आणि वर अहिल्याबाईंचे नाव!

दुसरी एक पद्धत आहे, जी पाडण्याहून सोज्वळ दिसते आणि नुकसान तितकेच करते. दगडाच्या सांध्यांत सिमेंट भरायचे आणि वरून ऑइलपेंट द्यायचा. आमच्या भागात अशी कितीतरी देवळे आहेत, पिवळी-निळी, शेंदरी काठाची. मूर्तीच्या डोळ्यांत पांढरा रंग, ओठ लाल. सिमेंट दगडाला चिकटून बसते, पाण्याला बाहेर पडू देत नाही, मग ओल दगडातच मुरते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. रंगाखाली तेच होते. चुना मऊ असतो, तो झिजतो, पण शेजारच्या दगडाला खात नाही.

आणि आपल्याकडे आता भूकंपाचे धक्के बसू लागले आहेत, ते विसरू नका. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि पुन्हा १० जुलैला, दोन्ही वेळा सकाळी, ४.५ तीव्रतेचा धक्का आपल्या जिल्ह्याला बसला. कळमनुरीकडे केंद्र होते, भांडी वाजली, लोक रस्त्यावर आले. बिनचुन्याचे जुने बांधकाम अशा वेळी जरासे हलते, दगड दगडावर किंचित सरकतो, म्हणून ताण एका जागी साठत नाही. त्याच जुन्या कललेल्या खांबांवर तुम्ही काँक्रीटचा जड स्लॅब टाकलात तर खालच्यांना हलायला जागा राहते का, हे इंजिनीअर झालेल्या भाच्यांनी मला समजावून सांगावे. आपल्या घरात पाच इंजिनीअर आहेत. पत्रकावर एकाचीही सही नाही.

माझा विरोध सभामंडपाला नाही, हे पुन्हा लिहिते, कारण ग्रुपवर उद्या "आत्या देवाच्या कामात आडवी येते" असे होणार आहे. देवळाच्या उत्तरेला आपल्याच भाऊबंदांची मोकळी जागा आहे. तिथे जुन्या भिंतीपासून दूर हवा तेवढा मोठा पत्र्याचा मंडप घाला. बायका सावलीत बसतील, कीर्तनाला पाचशे माणूस मावेल, आणि खर्च निम्म्यावर येईल. जुन्या मंडपाला हात लावण्याआधी पुरातत्त्व खात्याला एक अर्ज द्या, त्यांचा माणूस येऊन पाहू द्या. छतावरचे गवत आणि पिंपळाची रोपे मुळासकट काढा, वरच्या भेगा चुन्यात बुजवा, पाणी जायला उतार करा. कललेला खांब उतरवावाच लागला तर उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर क्रमांक घाला आणि चारही बाजूंनी फोटो काढा, म्हणजे जसा होता तसा परत बसेल. असे काम करणारे लोक आहेत, त्यांना वेळ लागतो एवढेच.

पाटीबद्दलही एक मागणे. 'प्राचीन हेमाडपंती' काढा. आपल्याला शतक माहीत नाही तर 'जुने दगडी शिवमंदिर' एवढेच लिहा. त्यात काही कमीपणा नाही. पंढरपूरला चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे, शके ११९५ ते ११९९ चा. त्यात विठ्ठलाच्या देवळाला देणग्या देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यात हेमाडपंडिताचे नाव येते, आणि ज्यांची आज कोणाला ओळखही नाही अशा कितीतरी लोकांचीही येतात. देऊळ त्यांनी आपल्या नावावर केले नव्हते, आपण ते केले. आपल्या पत्रकाच्या मागच्या पानावरही देणगीदारांची यादी आहेच की, तशीच त्यांचीही होती.

तर माझा आकडा. पाच हजार रुपये मी बाजूला काढून ठेवले आहेत. ते स्लॅबच्या पावतीत जाणार नाहीत. गावातला फोटोवाला पोरगा दोन दिवस बोलवायचा, मंडपाचा प्रत्येक दगड, दोन्ही वीरगळ आणि गाभाऱ्याची चौकट टिपून घ्यायची, आणि उरलेल्या पैशात चुना आणायचा. दादा, तू हे वाचतो आहेस हे मला माहीत आहे, कमिटीत तुझा शब्द कोणी मोडत नाही. ट्रॅक्टर सांगितला असेल तर पुढे ढकल. मी येत्या सोमवारी सकाळच्या एसटीने येते आहे, वही घेऊन.